देवराईतला कोतवाल कोकीळ

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता! गावात कुणी ‘झपाटलंय’ म्हटलं की चकव्याची नक्कल करून लोकांना हसवणारा मीच... आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची ती माझी बायको, शैला.

मग एका तापात तिचे दोन्ही कान गेले. महाडचे डॉक्टर म्हणाले, नसच मेलीय, आशा ठेवू नका. ओठ वाचून तिला माझे किस्से कळावेत म्हणून मी मिशा उतरवल्या. कळायचे... पण ते खळाळून हसणं गेलं ते गेलंच.

गेल्या वर्षी आषाढात उघडीप बघून आम्ही पोलादपूरच्या वर, गावच्या देवराईत गेलो. चपला बाहेर काढल्या. शैला देवीपुढे डोळे मिटून बसली. आमच्याकडे गाऱ्हाणं मोठ्याने घालतात, तिच्या वतीने मीच घातलं, रंगात येऊन — “आये, हिला काय तरी ऐकव गो!”

तेवढ्यात तिच्या पाठीमागच्या झाडावर शिट्टी सुरू झाली. मला पक्ष्यांचा नाद, गळ्यातली दुर्बीण लावली. काळाकुळकुळीत, दुभंगलेली शेपटी — कोतवालच! पण कोतवाल उघड्या फांदीवर ताठ बसतो. हा पानांत घुसून सुरवंट वेचत होता. शेपटीखाली पांढऱ्या रेघा... कोतवाल कोकीळ! कोतवालाचं सोंग घेऊन रानात लपणारा, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा बहुरूपी. याची शिट्टी पायरी-पायरीने चढते आणि मध्येच तुटते.

सहज खाली बघितलं... शैलाचं बोट हवेत होतं. शिट्टीबरोबर वर वर चढत होतं. पक्षी थांबला — बोट थांबलं. तो सुरू — बोट सुरू. डोळे मिटलेलेच!

“शैला!” मी ओरडलो. काही नाही. टाळ्या पिटल्या. काही नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली.

“अहो, अर्ध्यावरच का थांबतो हो तो?”

“तुला... ऐकू येतंय?”

तिने माझे ओठ नीट वाचले. “त्याचं येतंय. तुमचं नाही.”

“माझं का नाही?”

“तुमचं ऐकूनच तर कान गेले!”

आणि हसली... देवराई दणाणून गेली.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. कान तसेच, ठार बंद. मग त्या दिवशी काय झालं? हादरे जाणवले म्हणावं, तर शिट्टीचे कसले हादरे?

यंदाही गेलो. पक्षी बोलला, तिचं बोट मांडीवर गप्प. मग मी तिच्यासमोर बसलो आणि माझं बोट शिट्टीबरोबर वर चढवत नेलं, मध्येच थांबवलं. या वेळी तिने डोळे मिटले नव्हते.