पुंजाराम तायडे आणि एक ठिपका

पुंजाराम तायडे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी हार घातला, भाषण केलं आणि त्यांचा हातोडा परत घेतला. चौतीस वर्षं ते बडनेऱ्याच्या लाइनवर चावीवाले होते, कागदावर की-मॅन. काम सरळ होतं. रोज सकाळी आपल्या वाट्याचे सहा किलोमीटर रूळ पायी तुडवायचे, रुळाला धरून ठेवणारी एकही लोखंडी चावी ढिली किंवा गायब नाही ना ते बघायचं, असली तर ठोकून बसवायची. अशा नोकरीत माणसाचे पाय झिजतात आणि डोळ्यांना धार येते. पुंजारामांच्या डोळ्यांना तर इतकी आली होती, की लग्नाच्या पंगतीत बसले तरी समोरच्या ओळीत किती ताटांत लोणचं वाढायचं राहिलं ते मोजायचे आणि वाढप्याला हाक मारून सांगायचे.

डोळ्यांइतकीच त्यांची आणखी एक ख्याती होती. सोयराधायरा बघायचा नाही. बायकोचा सख्खा भाऊ वामनराव त्यांच्याच गँगमध्ये होता. एकदा तो कामाच्या वेळी लिंबाखाली घोरताना सापडला. दुसरा कोणी असता तर पुंजारामांनी दोन शिव्या घालून उठवला असता आणि विषय तिथेच मिटला असता. साळा होता म्हणून मुकादमाकडे रीतसर तक्रार गेली. "घरच्याले सूट देली अशे म्हनतीन न लोक," हे त्यांचं उत्तर. वामनराव चार वर्षं बहिणीच्या दारात फिरकला नाही, आणि रुख्मिणीबाईंनी त्या चार वर्षांत नवऱ्याला काय काय ऐकवलं ते लिहायला बसलो तर कागद पुरायचा नाही.

निवृत्तीनंतर डोकं घरी बसलं, पाय बसेनात. मुलगा अश्विनने नवा मोबाइल घेऊन दिला होता. तो खिशात टाकून पुंजाराम रोज सकाळी रुळाकाठच्या पायवाटेने निघायचे. तिथेच एका सप्टेंबरात ज्योत्स्ना मॅडम भेटल्या. अमरावतीच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. विद्यार्थ्यांची पलटण घेऊन त्या ओल्या मातीवर बसलेल्या पिवळ्या फुलपाखरांचे फोटो काढत होत्या. पुंजाराम थोडा वेळ मागे उभे राहिले, मग त्यांना राहवेना.

"मॅडम, तुमी एकच नाव लिहून राहिल्या, पन हे दोन वेगळे हायेत. याच्या पुढच्या पंखाखाली बुडाशी दोन ठिपके, अन् त्याच्या तीन."

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. दोन जाती निघाल्या, दोन वेगळ्या नावांच्या. त्याच दिवशी त्यांनी तायडेकाकांना आपल्या फुलपाखरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात घेतलं. वर्षभरात अशी गत झाली, की कोणी फोटो टाकला की बाकीचे नाव सांगायच्या आधी काकांची वाट बघू लागले. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पाखरांत नेमका कुठला ठिपका कमी आणि कुठली रेघ जास्त, हे ते चहाचा घोट घेता घेता सांगायचे. इंग्रजी नावंही त्यांनी पाठ केली, अर्थात बडनेऱ्याच्या उच्चारांत.

यंदा ग्रुपने बडनेऱ्याच्या आसपासच्या फुलपाखरांचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलं. एका जातीचा एक फोटो, नर-मादी निराळे दिसत असतील तर दोन, खाली काढणाऱ्याचं नाव. कुठला फोटो कशाचा, याचा निवाडा पुंजारामांकडे. सगळं जमलं, एक जागा मात्र अडून बसली. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराचा नर मिळाला होता, काळाभोर, पंखांवर पांढरे गोल. मादी मिळेना. नवरदेव बोहल्यावर उभा आणि नवरीचा पत्ता नाही! तो लागणार तरी कसा? बाई वेष पालटून हिंडते. रुईच्या पानांवर वाढणारं प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू कडू असतं, पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून ही मादी हुबेहूब त्याचाच पेहराव करते. फरक एवढाच, की प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात आणि हिच्या त्याच पंखाच्या वरच्या कडेला एकच.

आता सुनेकडे येऊ. प्रणाली बार्शीटाकळीची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, बी.एस्सी. करून आलेली, सासऱ्याशी कामापुरतं बोलणारी. ग्रुपात तीही गुपचूप शिरली होती. पुस्तकात आपलं नाव छापून यावं असं तिला फार वाटत होतं. आजवर ते फक्त लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं, तेही सोनेरी शाईत, कोणाला वाचता येणार नाही असं. हे तिने सासूला सांगितलं आणि सासूने सासऱ्याला; त्या घरात बातम्या याच मार्गाने जात. पुंजारामांनी ऐकून घेतलं आणि ते सावध झाले.

एका दुपारी प्रणालीने ग्रुपवर फोटो टाकला. घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर घोळाची भाजी माजली होती, ती खुडायला ती गेली होती. फोटोखाली लिहिलं होतं, "एगफ्लायची मादी वाटते. घोळाच्या पानाखाली अंडी घालत होती."

पुंजारामांचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. "प्लेन टायगर. नेहमीचं. यादीत आहे. घरच्यांनी तरी नीट पाहून पाठवावं."

काकांनी निवाडा दिल्यावर फोटो पुन्हा निरखायचं कोणाच्या मनात आलं नाही; ग्रुपात हशा पिकला. एकाने लिहिलं, "तायडेकाकांकडे घरच्यांनाही सूट नाही!" ते वाचून म्हाताऱ्याची छाती चांगली दोन बोटं फुगली. रात्री प्रणालीने नेहमीसारखं जेवायला वाढलं. रुख्मिणीबाईंनी मात्र भाजीचं पातेलं जरा आपटूनच ठेवलं.

दहा दिवस गेले. रविवार उजाडला. त्या दिवशी संध्याकाळी पाचला यादी छपाईला जायची होती आणि एगफ्लायच्या मादीची जागा रिकामीच राहणार होती. पुंजाराम मागच्या ओट्यावर यादी घेऊन बसले होते, तेवढ्यात रुख्मिणीबाईंनी त्यांच्यापुढे स्टीलचा एक गिलास ठेवला. तोंडाला ओढणीचा तुकडा, वरून रबर.

"पाहा."

आत घोळाचा देठ होता आणि त्यावर काळसर, अंगभर काट्यांची एक अळी, डोक्यावर दोन शिंगं. प्लेन टायगरची अळी पुंजारामांनी शेकडो वेळा पाहिली होती. ती पट्ट्यापट्ट्यांची, अंगाने गुळगुळीत. घोळाकडे ढुंकून बघत नाही.

"हे कोठून आनलं?"

"तुमच्या सुनेनं. त्या दिवशी जेथं अंडं घातलं तोच देठ खुडून आनला तिनं. रोज ताजी पानं टाकून राहिली."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलाले जागा ठेवली का तुमी?" एवढं म्हणून बाई आत गेल्या.

पुंजारामांनी मोबाइल काढला आणि ग्रुप बोटाने मागे, मागे, दहा दिवस मागे सरकवत नेला. फोटो सापडला. तो धूसर होता आणि त्याच्या मधोमध खाली तोंड केलेला एक बाण होता. त्यांच्या मोबाइलवर फोटो आपोआप उघडत नसत, बाणावर बोट ठेवावं लागे. दहा दिवसांत त्यावर बोट पडलेलंच नव्हतं. त्यांनी त्या दिवशी प्रणालीचं नाव वाचलं होतं, धूसर नारिंगी रंग पाहिला होता आणि निकाल देऊन टाकला होता.

त्यांनी बाणावर बोट ठेवलं. फोटो स्वच्छ निघाला, पंख पुरते पसरलेले. त्यांनी वाचायचा चष्मा लावून ठिपके मोजले. एक. डाव्या पंखावरून झालं, मग उजव्या. एकच. चौथीतल्या पोरालाही मोजता आला असता.

ज्या डोळ्यांचा एवढा डौल मिरवला ते डोळे आपण घरच्या माणसासाठी उघडलेच नाहीत, हे त्यांना फार लागलं. वामनराव लिंबाखाली सापडला त्याच्या आदल्या रात्री दुसऱ्याची पाळी करून आला होता का, हेही आपण कधी विचारलं नव्हतं, असं उगाच मनात येऊन गेलं.

सुटायला वाट होती. ज्योत्स्ना मॅडमना एकट्यांनाच निरोप टाकायचा, "मादीचा फोटो मिळाला," की झालं. दहा दिवसांपूर्वीचं कोण उकरून काढतंय? वर्षभर कमावलेला शब्द शाबूत राहिला असता. पुंजारामांनी तो निरोप लिहिलासुद्धा. मग पुसला, आणि ग्रुपवर लिहिलं:

"प्रणालीने दहा दिवसांपूर्वी पाठवलेला फोटो डॅनाइड एगफ्लायच्या मादीचा आहे. मी तो न उघडताच प्लेन टायगर लिहिलं होतं. चूक माझी. पुं. तायडे."

मग मॅडमचा निरोप आला, "काका, मादी मिळाली! फोटोखाली नाव काय छापायचं?"

पुंजाराम उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. प्रणाली परातीत कणीक मळत होती.

"प्रणाली, म्या तुहा फोटो उघडलाच नव्हता. नाव पाह्यलं अन् लिहून मोकळा झालो."

तिने मान वर केली नाही. "मले माहीत हाये, मामाजी. उघडला असता त तुमाले दिसला असता."

मोबाइल पुढे करून ते म्हणाले, "मॅडम इचारून राहिल्या, नाव काय छापाचं."

"माहेरचं टाका. प्रणाली गवई." आता ती जराशी हसली. "तायडे टाकलं त लोक म्हनतीन, सासऱ्यानं घुसवलं."

चौतीस वर्षं हे वाक्य पुंजाराम दुसऱ्यांना ऐकवत आले होते. आज ते पहिल्यांदा त्यांना कोणीतरी ऐकवलं, आणि त्यांना ते अगदी भिकार वाटलं.

"म्हनू दे लोकाइले," ते म्हणाले. "तुले कोनतं पाह्यजे ते सांग."

प्रणालीचे हात कणकेत थांबले. असं कोणी विचारील याची तिने तयारी केलेली नव्हती. "मले?" ती म्हणाली. "मले दोन्ही पाह्यजेत. गवईबी अन् तायडेबी."

"मंग तूच लिही."

तिने हात धुतले, पदराला पुसले, मोबाइल घेतला आणि नाव लिहिलं. पाठवायच्या आधी तिने तो सासऱ्यांसमोर धरला. पुंजारामांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, नाव अक्षरन् अक्षर वाचलं आणि मग म्हणाले, "हां, पाठव."