हसल्यावर निघणारा फोटो

डॉक्टरांनी कागदावर एक चेहरा काढला आणि त्यावर पेनाने रेघ ओढली. रेघेच्या डावीकडचा खालचा जबडा काढायचा होता. छातीचं मांस वर घेऊन ती जागा भरणार होते. "जीव वाचेल," ते म्हणाले. माय त्या चित्राकडे बघत बसली. मग मला म्हणाली, "इतकं गोल तोंड हाय का गं माझं?"

रिपोर्ट मी आधीच वाचला होता. आमच्या घरात कागद मी वाचते. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी सांगते, कुणाला मिरवल्यासारखं वाटलं तर वाटू दे. शाळेपासून घरातला प्रत्येक फॉर्म मी भरला, प्रत्येक नोटीस मी वाचून दाखवली. त्यामुळे डॉक्टरांनी बोलायचं टाळलं तेही मला कळलं. जीव वाचला तरी हा चेहरा जाणार होता.

मायबाबा नांदेडकडून हैदराबादला आले ते कामासाठी. माय नल्लकुंट्यात मुलींच्या एका वसतिगृहात स्वैपाकाला होती. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि ती मिसरी बोटाने दातांना लावायची, हे तिचं लग्नाआधीपासूनचं. मिसरी लावल्यावर तोंडात काही नसलं तरी भूक मरते, असं ती सांगायची. आता तेच तोंड गेलं.

तिचे घरात जेवढे फोटो आहेत ते सगळे कुठल्या ना कुठल्या ऑफिसाने मागितलेले. कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला ठेवायला एकही धड फोटो सापडेना. शेवटी मतदार कार्डावरचा मोठा करून आणला. माय तो बघून म्हणाली होती, "चोर धरून आणल्यावानी दिसायलेत." तोच भिंतीवर आहे.

म्हणून ऑपरेशनच्या आधी मला मायचा हसतानाचा एक फोटो पाहिजे होता. दुसरं काही माझ्या हातात नव्हतंच.

मोबाइल होता की. पण मी मोबाइल उचलला की मायला वाटतं कुणाचा तरी व्हिडिओ कॉल आला. ती पदर मागे सारते, कान मोकळे करते आणि मान ताठ करून विचारते, "जेवलात का?" पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसलं की गप्प होते. तिला कळणार नाही असा, मुठीत मावणारा, आवाज न करणारा लहान कॅमेरा घ्यायचा मी ठरवलं.

ऑफिस सुटल्यावर हिमायतनगरहून थेट सुलतान बाजारात गेले. गल्लीतल्या दुकानात तोंडात पान भरलेले एक चाचा बसले होते.

"मोबाइल रहते सो कॅमेरा कायकू होना, मॅडम?"

"होना. छोटा होना."

"कॉलेज के बच्चियां लेजारे आजकल. पुराने फोटो के जैसा दिखता कते."

"मेरेकू अम्मी का फोटो निकालना है."

त्यांनी काचेवर तीन कॅमेरे मांडले. पहिला पत्त्यांच्या जोडाएवढा पातळ, पण सुरू केला की भिंग घुर्र करत बाहेर यायचं. माय तेवढ्यात सावध झाली असती. दुसरा गुपचूप सुरू व्हायचा, पण उजेड कमी असला की फोटोत नुसता धूर. आमच्या घरात दुपारीही लाइट लावावा लागतो. तिसरा जुन्या मॉडेलचा, कोपरे झिजलेला. चाचांनी तो डब्यावर उभा केला, एक बटन फिरवलं, समोर बसले आणि मला म्हणाले, "देखो अब." आणि लाल दात दाखवून हसले. कॅमेऱ्याने आपोआप टिक् केलं.

"हसे तो फोटो. नै हसे तो नै. आपकू बटन दबानाइच नक्को."

म्हणजे मला काही उचलायला नको, धरायला नको. फळीवर ठेवून द्यायचा आणि माय हसायची वाट बघायची. टिक् झालं तरी तोवर फोटो निघालेला असतो. माय दिवसातून दहादा हसते. पुस्तिका मी दुकानातच उभ्याने वाचून काढली. चाचा कंटाळून म्हणाले, "इम्तिहान है क्या मॅडम?" तोच घेतला. बसमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. कितीतरी दिवसांनी एखादी गोष्ट नीट निवडल्यासारखं वाटत होतं.

मायपासून लपवणं जमलं नाहीच. तिने फळीवरचा कॅमेरा बघितला आणि विचारलं, "ह्ये काय ठिवायलीस?" मी खरं सांगितलं. आपण हसलो की हा ओळखतो आणि फोटो काढतो.

"हार घालायला फोटू पायजे म्हन की सरळ!" माय म्हणाली आणि हसली.

टिक् झालं नाही.

मी बघितलं. मायने हसताना पदर तोंडावर धरला होता. खांदे हलत होते, पदर हलत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कॅमेरा गप्प होता. त्याला तोंड दिसतच नव्हतं.

माय कायम पदराआड हसते. मी जन्मापासून तिच्याजवळ आहे, मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण तिचं हसणं मी आजवर कानांनी ऐकत आले, आणि चेहरा आपला आपण लावत आले. तो मी कधी पाहिलाच नव्हता. दात काळे म्हणून नव्या नवरीला सासरी कुणीतरी बोललं होतं, तेव्हापासून हा पदर.

"माय, पदर काढ ना हसताना."

"तोंड वासून हसू का आता म्हातारपनी?"

"एकदाच."

तिने पदर खाली घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. कान मोकळे केले. मान ताठ. मतदार कार्ड.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तो कॅमेरा दिवसभर चालू असायचा. शेजारची तेलुगू अक्का रोज येऊन बसायची. "नव्वंडी अम्मा, नव्वंडी," हसा हो, म्हणून ती मायला गुदगुल्या करायची. टिक्. फोटो अक्काचा. मी मायला ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवली. माय पदरात तोंड खुपसून लोळली. टिक्. फोटो माझा. एकदा खोलीत कुणी नसताना टिक् झालं म्हणून धावत आले, तर कॅमेऱ्याने कॅलेंडरवरच्या साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा फोटो काढला होता. जगातल्या सगळ्यांचं हसू त्याला चालत होतं. माझ्या मायचं तेवढं नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी तिने विचारलं, "आला का गं फोटू?"

"आला," मी म्हणाले.

"चांगला आला?"

"चांगला आला."

"आता नगं दाखवू. आल्यावर बघीन. तवा लई बरं वाटंल मला."

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी तिला वॉर्डात आणलं. गळ्यात नळी, त्यामुळे आवाज नाही. दोन्ही हातांना काही ना काही बांधलेलं. सिस्टरने एक पॅड आणि पेन दिलं. काय पाहिजे ते पेशंटने लिहून सांगायचं, अशी तिथली पद्धत. मायने बोटांत पेन धरलं आणि सावकाश, घोटून, स्वतःची सही केली. मीच तिला शिकवलेली. पॅड सिस्टरकडे सरकवलं. कागद पुढे केला की सही करायची एवढंच तिला ठाऊक. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली.

"काय पाहिजे माय?" मी वाकून विचारलं. तिने डोळ्यांनी माझी पर्स दाखवली. मग बोट एकदा दाबल्यासारखं केलं.

फोटो.

कॅमेरा मी सोबत आणला होता, कशासाठी ते विचारू नका. काय दाखवणार होते तेही मला माहीत नव्हतं. अक्काच्या फोटोत कडेला पदराआडची माय आली होती, तोच दाखवीन, डोळे तरी हसरे आहेत त्यात, असं काहीतरी मनात होतं. कॅमेरा सुरू केला आणि आतले फोटो उघडायचं बटन शोधत तो तिच्यासमोर धरला.

टिक्.

टाक्यांनी तिचा ओठ डावीकडे ओढला होता. वरचे दात उघडे पडले होते. अंगात दवाखान्याचा झगा, त्याला पदर नव्हता.

टिक्. टिक्.

मायने आवाज ऐकला. हा आवाज कधी येतो ते मीच तिला सांगितलं होतं. तिने हात वर न्यायचा प्रयत्न केला, तोंडापर्यंत. सलाइनची नळी ताणली गेली, हात पोचला नाही. पुस्तिका पाठ असलेल्या मला तो बंद करायचं बटन सापडेना. मी शेवटी तो उशीखाली कोंबला. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर तिने फोटोचं नाव काढलं नाही.

आता ती घरी आहे. पातळ पेज नळीने घेते. बोलणं निम्मं मला कळतं, निम्मं कळल्यासारखं मी दाखवते. पदर तोंडावर सकाळपासून असतो, झोपेतही असतो, आणि अक्का काहीतरी गमतीचं सांगत असली की मी त्या पदराकडे बघत बसते. तो हलत नाही.

कॅमेऱ्यातले ते तीन फोटो मी पुसले नाहीत. पुसायला उघडावे लागतील.