शमशेरभाईंची करंगळी

मिरजेचे शमशेरभाई गेली चाळीस वर्षे तंबोऱ्याची जवारी काढतात. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिची पाठ कानशीने अशी घासायची की तार छेडताच स्वर तुटक न उमटता गुंजत, पसरत राहावा. या कर्माला माप नाही. कान सांगतो आणि हात मानतो, एवढेच त्याचे शास्त्र.

गेल्या वर्षी एका सकाळी हाताने मानण्याचे सोडले.

त्यांनी कानस उचलली आणि उजव्या हाताची करंगळी आपोआप तळव्याकडे वळली. कानस खाली ठेवली. करंगळी सरळ झाली. पुन्हा उचलली; पुन्हा वळली. वेदना नव्हती, सूज नव्हती. भाकरी मोडताना, सदऱ्याची बटणे लावताना तोच हात पूर्ववत आज्ञाधारक. जणू केवळ कानशीच्या वेळेपुरता त्या हातात दुसराच कोणी वस्तीला येत होता. वेदनेला माणूस नाव तरी देऊ शकतो. याला नाव नव्हते, म्हणून भय अधिक होते.

त्यांनी ते कोणालाच सांगितले नाही. वडिलांपासून त्यांना एकच उपाय ठाऊक होता: हात चुकला की अधिक घासायचे. पहाटेच्या नमाजानंतर दार लोटून ते टाकाऊ हाडांवर दोन-दोन तास कानस चालवू लागले. महिन्याभरात शेजारचे बोटही वळले. मग त्यांनी दोनाचे तीन तास केले. अभ्यासाला आपण दैवत मानतो. ते दैवत कोपूही शकते, हे त्यांना कोण सांगणार?

अखेर एका गायिकेच्या तंबोऱ्याची घोडी खोल खरवडली गेली. शेजारी तारा चढवीत बसलेल्या त्यांच्या कन्येने, अर्फाने, ते पाहिले.

“अब्बा, मूठ का वळताय?”

“न्हाई गं. घामानं सटकली.”

“घाम? हितं थंडीनं मी दुपट्टा गुंडाळून बसलीया!”

मग सारा प्रकार उघड झाला. पत्नी साबेरा यांनी ऐकले आणि कपाळाला हात लावला. “आवं, पहाटंपासनं घासताय, मला वाटलं लय मोठी ऑर्डर हाय. आन् तुमी सोताचा हातच घासून संपवत हुता व्हय?”

मेंदूविकारांच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे अर्फा त्यांना घेऊन गेली, त्या शेतकरी घरातल्या होत्या. त्यांनी कागदावर चौकोन आखले. “शमशेरभाई, मेंदूत प्रत्येक बोटाचा आपला वाफा असतो, मधे बांध असतो. चाळीस वर्षं ही दोन बोटं एकाच कामाला, एकाच दाबानं जुंपलीत. बांध कोरला गेला. आता एका वाफ्यात सोडलेलं पाणी दुसऱ्यातही शिरतं.”

“मग अजून किती घासू?”

“घासूच नका. घासण्यानंच हे झालंय.”

शमशेरभाईंचा चेहरा उतरला. सहा महिने कानस बंद. त्यानंतर एकेक बोट सुटे, सावकाश, पूर्ण लक्ष देऊन हलवायला शिकायचे, असे ठरले. जो मेंदू असे शिकला तो निराळेही शिकू शकतो, असा धीर बाईंनी दिला. पण “हात परत यील?” या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “खात्री देता येत नाही.”

कान मात्र अभंग होता. म्हणून कानस अर्फाच्या हाती गेली. शमशेरभाई डोळे मिटून समोर बसत. “फुडं जरा. आता मागं. हलकं, हलकं.” तीन महिने घोड्या वाया गेल्या. मग एका सकाळी तार छेडली आणि स्वर उमलून खोलीभर राहिला. साबेरा स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. शमशेरभाईंनी कृतज्ञतेने डोळे उघडले, आणि त्यांना अर्फाचा हात दिसला. करंगळी तळव्यात रुतलेली होती.

“ठेव ती खाली.”

“अब्बा, दोन हात मारले की झालं.”

“ठेव म्हणतो न्हवं!”

त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि बोटे एकेक करून सरळ केली. ती सरळ झाली. तरी त्यांनी पुन्हा तपासली.

“अब्बा, पकड घट्ट लागती, म्हणून दाबली मी.”

“मलाबी तसंच वाटलं हुतं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या तासाची मर्यादा ठरली. अर्फाने कानस फिरवली, फुंकर मारून भुकटी उडवली, तार छेडली आणि मान वर केली.

“अब्बा, बसली का जवारी?”

तार वाजली होती, पण ती शमशेरभाईंना ऐकूच आली नव्हती. अवघा अर्धा तास त्यांचे अवधान लेकीच्या करंगळीवर खिळले होते.

“परत छेड,” ते म्हणाले. डोळे मिटल्याखेरीज स्वर पारखता येणार नव्हता. आणि डोळे मिटत नव्हते.