मनोऱ्याच्या पायथ्याशी अप्पा

अप्पांच्या श्राद्धाचं पान गच्चीवर ठेवून मी कावळ्याची वाट पाहत होते. पानावरच्या चिंचेच्या भाताच्या वासाने नव्वदच्या दशकातली एक सहल आठवली.

नेपोलियन हरल्याच्या आनंदात तंजावरच्या आमच्या मराठी राजाने समुद्राकाठी मनोरा बांधला होता. तो पाहायला गेलो, तर इतिहास शिकवणारे अप्पा भाताचा डबा मांडीवर घेऊन पायथ्याशीच बसले.

“इंग्रजांच्या विजयाचा जिना मी चढणार नाही.”

“वरून समुद्र दिसतो. एकदा माझ्याबरोबर बघा की,” आई म्हणाली. ते हलले नाहीत.

जिन्यात ती मला म्हणाली, “उंचीची भीती वाटते गं त्यांना. नेपोलियन बिचारा उगीच मधे येतो.”

आज बराच वेळ कावळा आला नाही. शेवटी आई म्हणाली, “पान खाली अंगणात ठेव. ते वर यायचे नाहीत.”