जाग्या राहिलेल्या बॅटऱ्या

पॉलिटेक्निकमध्ये मी गेली सव्वीस वर्षं मुलांना विजेचे प्राथमिक धडे देते आहे. रोबोटिक्सची टीम मी काही हौसेने घेतलेली नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, बॅटरी आणि मोटर, एवढंच तर आहे. तुमचाच विषय." नाही म्हणायलाही अंगात थोडा जोर लागतो आणि त्या दिवशी माझी सलग चार लेक्चरं झाली होती. मी मान डोलावली. तेव्हापासून शनिवारची दुपार माझी राहिलेली नाही.

टीममध्ये माझ्याआधीपासून एक रीत चालत आलेली होती. पहिली दोन वर्षं ज्याने बॅटऱ्या सांभाळल्या, त्याच्या हाती तिसऱ्या वर्षी रिमोट द्यायचा. बॅटरीचं काम कोणालाच नको असतं. त्यात फोटो निघत नाही, टाळ्या पडत नाहीत. स्पर्धेत सगळं जग रोबोटकडे बघत असतं आणि बॅटरीवाला कोपऱ्यात चार्जरच्या आकड्यांकडे. म्हणून रिमोटचं गाजर. त्या गाजराच्या आशेने एक मुलगी दोन वर्षं टिकली, ती भाईंदरजवळच्या मुर्धा गावची. बाकी मुलं येत-जात राहिली.

पहिल्या वर्षी आम्ही यूपीएसमधल्या जडशीळ बॅटऱ्या वापरल्या. रोबोट जेवणानंतर शतपावली करतोय असं वाटायचं. मग लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या घ्यायचं ठरलं आणि आम्ही दोघी भाईंदर पश्चिमेला बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन पाकिटं पुढे केली, दोन्हींवर क्षमतेचा, म्हणजे मिलीअँपिअर-तासांचा आकडा छापलेला. "मैडम, ये बाईस सौ का है, ये बावन सौ का. बावन सौ ले जाओ, पूरा दिन चलेगा." मी पिशवी उघडलीसुद्धा होती. मुलीने दोन्ही बॅटऱ्या हातात घेऊन तोलून पाहिल्या आणि विचारलं, "भैया, काँटा है?" त्याच्याकडे नव्हता. ती शेजारच्या फरसाणवाल्याकडे गेली आणि शेव-गाठ्यांच्या काट्यावर दोन्ही ठेवल्या. बावन सौवाली हलकी भरली.

"मॅडम, जास्त वीज मावायची तर माल जास्त पाहिजे ना आत," ती म्हणाली. "हिच्यात नुसता कागद जड आहे."

आम्ही छोट्या आकड्याच्या सहा घेतल्या. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून मी वीज शिकवते, पण काट्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला तिचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. दोन्ही मी गिळलं.

या बॅटऱ्यांचे लाड मोठे. पूर्ण उतरवल्या तर मरतात, गरम झाल्या तर फुगतात, आणि वापरायच्या नसतील तेव्हा त्यांना पूर्ण भरूनही ठेवायचं नसतं. अर्ध्यावर आणून थंड जागी ठेवायचं. याला मुलीने आपला शब्द काढला होता, झोपवणं. भरलेली बॅटरी म्हणजे जागी, अर्ध्यावरची म्हणजे झोपलेली. प्रत्येकीत तीन सेल, जागी असली की बारा पॉइंट सहा व्होल्ट, झोपली की अकरा पॉइंट चार. दर शनिवारी ती मीटर लावायची, आकडा वहीत लिहायची आणि सही करायची. चार्जिंग फरशीच्या तुकड्यावर, बाजूला वाळूची बादली. तिचे वडील एकदा पालकसभेला आले होते. मला म्हणाले, "पोरगी सांगते बॅटरी झोपवाची. आमचे होडीची त कवा झोपत न्हाय, कायम भरलेली." मी हसले, कारण मनातून मी त्यांच्याच बाजूची होते. जेसल पार्कला माझ्या घरी इन्व्हर्टर आहे. त्याची बॅटरी कायम भरलेली असावी, पाणी वेळेवर घालावं, की ती वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. हातांना तेच वळण पडलेलं.

त्या वहीचा एक नियम मी घातला होता. सुरुवातीला मुलं तिच्यात एकमेकांचे पाणउतारे करायची. अमक्याने पूर्ण उतरवली, तमका चार्जर तसाच टाकून पळाला, वाचा आणि भांडा. मी एक दिवस वैतागून सांगितलं, "वहीत बॅटरीचं लिहायचं, माणसांचं नाही." भांडणं थांबली. मला तेव्हा स्वतःच्या शहाणपणाचं बरं वाटलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे वर्कशॉपमध्ये पूजा असते. लेथला झेंडूचं तोरण, पान्यांना हळदकुंकू, ड्रिलमशिनीला हार. गेल्या वर्षी रोबोटही पूजेला मांडायचा ठरला आणि त्याच्यासमोर सहाही बॅटऱ्या ओळीने. मुलीने त्या झोपवून आणल्या होत्या, कारण दसऱ्यानंतर परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, महिनाभर कुलूप. मी म्हटलं, "सणाच्या दिवशी अर्धवट काय ठेवतेस? भर सगळ्या."

"मॅडम, एक भरते, रोबोट चालवायला. बाकीच्या राहू देत."

"पूजेत रिकामं ठेवत नाहीत. भर."

"रिकाम्या नाहीत, मॅडम. झोपलेल्या आहेत."

सगळा स्टाफ ऐकत होता. मला उलट उत्तर दिल्यासारखं वाटलं. मी नुसतं पाहिलं तिच्याकडे. तिने एकेक करून सहाही भरल्या, वहीत सहा वेळा बारा पॉइंट सहा लिहिलं, सहा सह्या केल्या. रोबोटने पुढे जाऊन फुलं वाहिली, सगळ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढले. त्या आपट्याच्या पानांच्या गडबडीत बॅटऱ्या पुन्हा उतरवायच्या राहिल्या. त्या पश्चिमेच्या खिडकीखालच्या कपाटात गेल्या आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

सुट्टीत तिचा मेसेज आला. "मॅडम, बॅटऱ्या जाग्या आहेत. किल्ली मिळेल का? मी येऊन झोपवते." मी चकल्यांचं पीठ मळत होते. कॉलेजात जायचं, शिपायाला बोलवायचं, रजिस्टरवर सही करायची, नुसत्या विचारानेच मी दमले. हात पुसून लिहिलं, "सुट्टीत कशाला धावपळ. राहू दे." तिने अंगठा पाठवला.

ऑक्टोबरचा उकाडा त्या वर्षी दिवाळीतही हटला नाही. सुट्टी संपल्यावर कपाट उघडलं तेव्हा चार बॅटऱ्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या होत्या. मुलीने त्या एकेक करून वाळूत ठेवल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. नवीन यायला वेळ लागणार होता आणि स्पर्धा चार दिवसांवर होती. उरलेल्या दोन घेऊन आम्ही गेलो. पहिली फेरी जिंकलो. दुसऱ्या फेरीत एक चार्जरवर होती आणि दुसरी मैदानाच्या मधोमध संपली. रोबोट उभा राहिला आणि घड्याळ चालत राहिलं.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. वही टेबलावर होती. त्यांनी पानं उलटली आणि त्या ओळींवर बोट ठेवलं. "इथे फुल चार्ज लिहिलंय. महिनाभर फुल चार्ज ठेवायचा नसतो, मी आत्ताच वाचलं. सही कोणाची आहे?" सही त्यांना दिसत होती. मी पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं, बोलायला सुरुवात केली की पूजेपासून सगळं सांगावं लागेल, किल्लीचं, चकल्यांचं, आणि हे समोर बसून ऐकतील. मी थकले होते. थकवा खरा होता, पण तेवढंच कारण नव्हतं. मला माझी लाज झाकायची होती. ते म्हणाले, "दोन वर्षांत एवढं कळत नसेल तर रिमोट कसा द्यायचा? पुढच्या स्पर्धेच्या यादीत रिमोटसाठी दुसरं नाव घालतो." मी म्हटलं, "बरं."

यादी त्याच दिवशी आयोजकांकडे गेली. मुलीने ती नोटीस बोर्डावर वाचली आणि त्या शनिवारी नेहमीच्या वेळेला आली. उरलेल्या दोन बॅटऱ्यांना मीटर लावला, आकडे लिहिले. मी तिला विचारलं, "पूजेच्या दिवशीच्या त्या ओळीत मी भरायला सांगितलं, असं का नाही लिहिलंस?"

ती टोपण लावत म्हणाली, "वहीत बॅटरीचं लिहायचं, माणसांचं नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना."

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ती खरंच नियम सांगत होती. त्या दिवशी मी घरी रिक्षा न करता चालत गेले, आणि त्यानंतरचा आठवडा मला नीट जेवण गेलं नाही. शेवटी प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं, किल्लीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. "मॅडम, यादी गेली आहे. आयोजकांकडे बदल चालत नाही. आणि आता कशाला मनाला लावून घेताय, होतं असं." मला ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर मी आणखी बोलले असते.

प्रयोगशाळेत येऊन मी वही काढली आणि पूजेच्या दिवशीच्या ओळींखाली लिहिलं, "बॅटऱ्या भरून ठेवायला मी सांगितलं. सुट्टीत किल्ली मागितली तेव्हा मी दिली नाही." खाली सही केली. आपणच घातलेला नियम मी मोडला होता आणि मला जरा हलकं वाटत होतं. मुलगी मीटर न्यायला आली तेव्हा मी वही तिच्यासमोर सरकवली. तिने उभ्याउभ्याच वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तारीख राहिली."

राहिली नव्हती, मी टाळली होती. तारखेशिवाय ती ओळ पूजेच्याच दिवशी लिहिल्यासारखी दिसत होती. तिने आपलं पेन पुढे केलं आणि मी त्या दिवसाची तारीख घातली. यादी जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि आता तेही वहीत होतं.