टाक्याच्या टोकाची गाठ

आमची सून इन्शिराह पीठ मळायला बसली की परातच घाबरते, असा तिचा हात. नाईलकाठच्या या दसूक गावात आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची भाकरी तिच्याच भट्टीतून जाते. तिची धाकटी लेक नव्वारा पोट कापून झाली. दीड वर्षानं त्या टाक्याच्या उजव्या टोकाला खजुराएवढी गाठ आली.

गाठ दिसली आणि सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तिची आई गाठीनंच गेली होती. एक दिवस पाहते तर माझ्या लेकाला, शाझलीला, चुलीशी उभं करून चहा शिकवतेय.

"हे काय गं?"

"माझ्यामागे पोरींना निदान चहा तरी मिळावा."

"त्याच्या हातचा चहा प्यायले तर मीच तुझ्याआधी जाईन!"

ती हसली नाही.

दोन डॉक्टर झाले. एक म्हणाला आत दोरा राहिलाय, दुसरा म्हणाला हर्निया. शेजारची शौकिया म्हणाली नजर, आणि निळा मणी देऊन गेली.

माझं शिक्षण सहीपुरतं. पण आम्ही दोघी शेजारीशेजारी नमाज पढतो. पाळी आली की तिची चटई खुंटीवर जाते आणि मी एकटी उरते. एका दुपारी सजद्यात कपाळ टेकून उठताना खुंटीवर चटई दिसली, आणि भट्टीकडून तिचं कण्हणं आलं. गेल्या महिन्यात असंच. त्याच्या आधीही असंच. पुढची नमाज कशी झाली ते अल्लालाच ठाऊक.

"डॉक्टरनं विचारलं, कधी दुखतं, तर काय सांगतेस?"

"पीठ मळताना."

"मळतेस तर रोज! आणि दवाखान्यात कधी जातेस?"

ती जायची ती पाळी संपली, आंघोळ झाली, की मग. त्या दिवसांत परक्यापुढे पोट कोण उघडं करतं? म्हणजे चोर निघून गेल्यावर आम्ही पोलिसाला घर दाखवत होतो.

"ऊठ. आत्ताच जायचं."

"आत्ता? अहो आई, लाज वाटते."

"लाज घाल भट्टीत."

डॉक्टरीण वफियाबाईंनी पाहिलं तेव्हा गाठ टरारून निळसर झाली होती. मी खुंटीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, मशीन फिरवून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, पोट कापलं तेव्हा गर्भाशयाच्या अस्तराचा कण टाक्यात अडकला असणार. तोही तिथं बसून दर महिन्याला पाळी पाळतो. कॅन्सर वाटत नाही. काढून तपासायला पाठवू, मग नक्की सांगेन."

गाठ काढली. तपासणीचा कागद दहा दिवसांनी आला. शाझलीनं तो चारदा वाचला, कारण सुनेनं चारदा वाचायला लावला. अस्तरच होतं ते. कॅन्सर नाही. ती रडायला लागली. "आता कशाला रडतेस?" म्हणून मी ओरडले, आणि मीही रडले.

परवा दुपारी तिची चटई खुंटीवर होती. भट्टीकडे मात्र परात दणदणत होती, आणि त्यावर तिचा आवाज चढलेला: "अहो, चहात एवढी साखर घालतात का? कोण पिणार हा?"

मी नमाज पुरी केली आणि म्हटलं, "आण इकडे, मी पिते."