लिस्बनच्या विमानतळावर तीन तास

मस्कतच्या रुवी भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी तिकिटं काढते. बावीस वर्षं झाली. सकाळी साडेनऊ ते एक, मग चार ते आठ. मधल्या वेळात वादी कबीरला घरी जायचं, जेवायचं, पाठ टेकते न टेकते तोच उठायचं. एवढ्या वर्षांत जगभरच्या विमानतळांवर मी माणसं पाठवली. स्वतः मात्र मस्कत आणि मुंबई सोडून कुठला विमानतळ पाहिलेला नाही. लोकांना वाटतं, हिला सगळं फुकट मिळत असेल. मी आता खुलासाही करत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर वसईचे एक अंकल राहायचे. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीचे सुपरवायझर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरींवर नजर ठेवलेला माणूस; बोलता बोलता समोरच्याच्या कॉलरकडे बघायचे. त्यांची बायको आणि मी एकमेकींच्या घरी ताटं पाठवायचो. मुलगी एकुलती एक. इथल्याच शाळेत शिकली, पुढच्या शिक्षणासाठी लिस्बनला गेली आणि तिथेच राहिली. एका वृद्धाश्रमात कामाला लागली. मग तिथल्याच एका घटस्फोटित माणसाशी तिनं नोंदणी लग्न केलं.

अंकलनी तिच्याशी बोलणं टाकलं. "चर्चमध्ये झालं नाही, ते लग्न नाही," एवढंच एकदा जिन्यात मला म्हणाले. बायको बिचारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन लेकीला फोन करायची. मी गॅस बारीक करून बाहेर जाऊन बसायची.

तीन वर्षांपूर्वी अंकलची बायको एका सकाळी कपडे वाळत घालताना कोसळली आणि गेली. अंकल तिला घेऊन वसईला जायला निघाले. त्यांची तिकिटं मीच काढली. त्याच दुपारी ऑफिसात मुलीचा फोन आला.

"आंटी, मला मुंबईचं तिकीट पाहिजे. आजचं. कसं पण."

मी सीट शोधली, होल्ड केली. तासाभरानं तिचा परत फोन. आवाज पार बसलेला.

"आंटी, ते कॅन्सल करा. माझं रेसिडन्स कार्ड अजून आलं नाही. लॉयर म्हणतो, आता बाहेर गेली तर परत एंट्री नाही मिळणार."

"मी सांगते बाबांना."

"नाही, प्लीज. पप्पांना काही सांगू नका. त्यांना वाटेल मी एक्स्क्यूज देते. प्रॉमिस करा."

मी हो म्हटलं. समोर चार माणसं पासपोर्ट घेऊन उभी होती.

अंकल वसईहून परतले ते एकच वाक्य घेऊन. बिल्डिंगमध्ये जो भेटेल त्याला म्हणायचे, "आईच्या मातीला आली नाही." मी ऐकायची. सुरुवातीला सांगून टाकावंसं वाटायचं. मग ऐकायची सवय झाली. दिवसभर ऑफिसात लोकांचं ऐकून आल्यावर संध्याकाळी जिन्यात कुणाला काही समजावायची ताकद राहत नाही, असं मी स्वतःला सांगायची. वचन दिलं होतं हेही खरं. त्यातलं जास्त खरं कुठलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी हॉटेलनं त्यांना निवृत्तीचं पत्र दिलं. व्हिसा कॅन्सल करून कायमचं वसईला जायचं होतं. मुलीला तोवर तिचं कार्ड मिळालं होतं. तिनं दोनदा फोन केला, अंकलनी दोन्ही वेळा कापला. आणि मग एक दिवस तेच माझ्या ऑफिसात येऊन समोरच्या खुर्चीत बसले.

"वहिनी, लिस्बनचं तिकीट काढायचंय. माझं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिच्या शाळेच्या सर्टिफिकेटांची फाईल माझ्याकडे आहे. घर रिकामं करतोय. वसईला नेऊन काय करू?"

"कुरिअर करा की, अंकल."

"कुरिअर हरवतं," ते म्हणाले आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला.

पुढचे दीड महिने व्हिसाचे कागद. हॉटेलचं पत्र, विम्याचा कागद, फोटो एकदा लहान झाला म्हणून परत. मुलीचं निमंत्रणपत्र लागणार होतं. ते मीच तिच्याकडून मागवलं. तिनं दुसऱ्या दिवशी पाठवलं. सोबत एक ओळ: "आंटी, ते खरंच येतायत का?" तोवर मी इतकी कंटाळले होते की उत्तरात नुसतं "हो" लिहिलं.

ते नोव्हेंबरात निघाले. तीस वर्षांत त्यांचं विमान फक्त मस्कत ते मुंबई. दुबईला विमान कसं बदलायचं, लिस्बनला उतरल्यावर कुठे वळायचं, पासपोर्टच्या रांगेत काय दाखवायचं, हे सगळं मी विमानतळाच्या नकाशावरून एका कागदावर मराठीत लिहून दिलं. "बाहेर आलात की समोर लोक उभे असतात, तिथे ती असेल," हे शेवटचं वाक्य.

त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसात फोन आला. तिकडे दुपारचे अडीच.

"वहिनी, मी बाहेर येऊन तास झाला. ती नाही."

"फोन केलात?"

"तुम्ही दिलेल्या नंबरावर तीनदा. उचलत नाही." मागे कुणीतरी माइकवर परक्या भाषेत काहीतरी सांगत होतं, बॅगांची चाकं खडखडत होती. "बघा, आजचं परतीचं काही मिळतं का."

"अंकल, थोडं थांबा. कामात अडकली असेल."

"आईच्या वेळी पण अडकलीच होती ना? मी मूर्ख. माझं तिकीट बघा."

माझ्यासमोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. कोचीला जाणारं कुटुंब, दोन मुलं खुर्चीवर चढत होती. मी त्यांना हातानं थांबवलं आणि कसलाही विचार न करता बोलून गेले.

"अंकल, आईच्या वेळी तिनं तिकीट मागितलं होतं. माझ्याकडे. मी सीट धरून ठेवली होती. तिचे कागद झाले नव्हते. आली असती तर परत जाता आलं नसतं. तिनंच मला सांगू नका म्हटलं."

फक्त चाकं आणि माइक. मला वाटलं, लाइन गेली.

"अंकल?"

"ऐकतोय," ते म्हणाले. आणि फोन बंद केला.

मी कोचीचं तिकीट काढलं. एका मुलाच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं, परत केलं. अंकलना फोन लावला, उचलला नाही. मालक केबिनमधून म्हणाले, "यल्ला, चला, आज लवकर आवरा." सातनंतर मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण धापा टाकत होती. तिच्या वॉर्डातल्या एक आजी पडल्या होत्या, तिला ॲम्ब्युलन्समधून त्यांच्याबरोबर जावं लागलं होतं. फोन लॉकरमध्ये राहिला होता.

"आंटी, पप्पा कुठेत?"

"विमानतळावरच असतील. फोन कर त्यांना."

"ते कट करतील."

"नाही करणार."

"तुम्ही करा ना, प्लीज."

"आता मी मधे नाही पडणार गं," मी म्हणाले. माझा आवाज वाटला होता त्यापेक्षा कडक निघाला. "तू कर."

त्यानंतर कुणाचाच फोन आला नाही. घरी येऊन मी जेवण गरम केलं, फोन ओट्यावर समोर ठेवून. नऊ वाजून गेल्यावर अंकलचा मेसेज आला, एका शब्दाचा. "भेटली."

तीन आठवड्यांनी ते परतले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाला आले, पहिल्यांदाच. मी विचारलं नाही. तेच तुकड्यातुकड्यानं बोलले. ती कामाच्या निळ्या युनिफॉर्मातच धावत आली होती. ते बाहेर पडायच्या दारासमोरच्या बाकावर बसलेले, फाईल मांडीवर. ती समोर येऊन उभी राहिली. "मी म्हटलं, तुझ्या बाहीला डाग पडलाय. तिनं म्हटलं, रक्त आहे, त्या आजींचं. मग मी तिची बाही धरली."

जावई बरा निघाला. अंकलना न्हाव्याकडे घेऊन गेला. तिसऱ्याच दिवशी बापलेकीचं चर्चवरून भांडण झालं, चौथ्या दिवशी तिनं आईसारखी कोळंबी केली आणि ती मुळीच आईसारखी झाली नव्हती. एवढं सांगून ते थांबले. कप खाली ठेवला.

"वहिनी, तुम्ही मला तेव्हाच का सांगितलं नाही?"

"तिनं शपथ घातली होती."

"दोन वर्षं मी साऱ्या बिल्डिंगमध्ये तिला वाईट म्हणत फिरलो."

मी बशा गोळा करायला लागले. त्यांनी राग धरला असं नाही, पण माफ केलं असंही म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं उठले, चपला घातल्या, चहा चांगला झाला होता म्हणाले.

महिन्याभरात त्यांनी घर सोडलं. फ्रिज कुणाला, पलंग कुणाला, सगळं वाटून झालं. मुलगी मे महिन्यात वसईला येणार आहे, आईच्या कबरीवर, नवऱ्यालाही घेऊन. रविवारी फोन करते. हे मला त्यांनी नाही, तिनं सांगितलं.

ते गेले त्या सकाळी मी खाली गेले. टॅक्सीत बॅगा चढल्या होत्या. अंकल पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, काच खाली केली.

"येतो, वहिनी. तब्येतीकडे बघा. फार दमल्यासारख्या दिसता."

"बरंय, अंकल."

टॅक्सी शाळेच्या बसच्या मागे अडकली, मग वळणावरून दिसेनाशी झाली. नऊ वाजत आले होते. मी वर जाऊन डबा भरला.